उंचावरून टाकलेला कौल

बापाच्या श्राद्धाच्या दिवशी भांडायचं नाही असा ओंगांच्या घरात नियम होता, आणि गेली अकरा वर्षं तो न चुकता मोडला जात होता. पहिल्या वर्षी भांडण झालं ते उकडलेल्या कोंबडीचं तोंड कुठल्या बाजूला करून ठेवायचं यावरून. मधल्या एका वर्षी झालं ते म्हाताऱ्याला डॉक्टरनं घातलेली दारूबंदी वर गेल्यावरही लागू आहे का, यावरून. या वर्षी गावसभेच्या निवडणुकीचा दारावरचा बोर्ड पुरला.

"लाऊसाहेबांचा बोर्ड पाच निवडणुका आपल्या दारावर लागलाय," थिअम-होक म्हणाला. तो घरातला थोरला. वय चौसष्ट, पण जेवायला बसला तरी स्टेजवर बसल्यासारखा बसायचा. "सहाव्यांदाही तोच लागणार. विषय संपला. भात वाढा."

"मोठे काका, तुमचा विषय संपला की आमचा सुरू होतो," युन-चेन म्हणाली. "उद्या संध्याकाळी साडेपाचला अर्ज भरायची मुदत संपतेय. मी भरणार आहे. आणि काकाच्या दारावर लाऊंचा थोबडा लटकत असेल, तर मला मत कोण देणार? समुद्रातली कालवं?"

"कालवांना मत नसतं. म्हणून तर ती शहाणी आहेत."

स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्या मधल्या उंबऱ्यापाशी, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बोंगची कालवं फोडत होती. तिथून तिला दोन्हीकडचं दिसायचं. चाळीस वर्षं ती तिथंच बसत आली होती, आणि या घरात काय शिजतंय हे चुलीपाशी उभं राहणाऱ्या मोठ्या वहिनीपेक्षा तिला जास्त कळायचं. बोंगची या नावाचा अर्थ 'झालीच आहे, तर वाढवा'. मुलग्याच्या पाठीवर मुलगी झाली तेव्हा बापानं सरकारी कचेरीत जाऊन हेच नाव लिहून दिलं होतं. त्या वर्षी त्या कचेरीत या नावाच्या सात मुली नोंदल्या गेल्या. लिहिणाऱ्या कारकुनाचा हात एकदाही थांबला नाही.

युन-चेन तिच्या धाकट्या भावाची, बुन-लियोंगची मुलगी. पोरगी पंचवीस वर्षांची, केस पोरांसारखे कापलेले, आणि जिभेला हाड नाही ते नाहीच. ती सहा वर्षांची असताना देवीची पालखी निघाली होती. मुलींनी पालखीला हात लावायचा नसतो असं पुजाऱ्यानं सांगितल्यावर हिनं विचारलं, "देवी बाई आहे ना? मग तिला कोण आंघोळ घालतं, तुम्ही?" पुजारी वर्षभर बोंगचीच्या कालवांच्या शेडवरून जायचं टाळत होता. तेराव्या वर्षी हिनं शाळेत थंडीत मुलींना पँट घालू द्यावी म्हणून चारशे सह्या गोळा केल्या. त्यातल्या साठ मुलग्यांच्या होत्या, आणि त्या तिनं कशा मिळवल्या हे आजवर कुणी विचारलं नाही. पुढं शिकायला राजधानीत गेली, तिथं मोर्चात पोलिसांनी चौघांनी उचलून नेली तो फोटो पेपरात आला. थिअम-होकनं गावभर सांगितलं, ती आपली युन-चेन नव्हेच, तिच्यासारखी दिसणारी कुणीतरी. बोंगचीनं तो फोटो कापून तांदळाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला.

दोन वर्षांपूर्वी ती परत आली, का ते कुणाला कळलं नाही. मग खाडीतली कालवं मरायला लागली आणि कळलं. वरच्या अंगाला डुकरांचे मोठे गोठे, त्यांचं पाणी खाडीत. गोठे लाऊसाहेबांच्या मेव्हण्याचे. युन-चेननं आठ महिने रोज सकाळी बाटल्यांत पाणी भरलं, बाटल्यांवर तारखा लिहिल्या, आणि एक दिवस गावसभेच्या बैठकीत जाऊन त्या सगळ्या सभासदांपुढं मांडल्या. "चहाला हेच पाणी घ्या," म्हणाली, "गावाला चालतं, तर तुम्हाला का नको?" त्या दिवसापासून लोक आपली गाऱ्हाणी घेऊन तिच्याकडं यायला लागले. कुणाचं गटार, कुणाची पेन्शन, एका म्हाताऱ्याची तर हरवलेली कवळी. कवळीही तिनं शोधून दिली.

आता तिला गावसभेवर जायचं होतं. तिचा पक्ष एवढा लहान होता की त्याच्या तालुका शाखेची बैठक तीन खुर्च्यांवर व्हायची आणि एक खुर्ची रिकामी राहायची. पण गावात ओंग आडनावाची दोनशे मतं होती, आणि ती दोनशे माणसं मतदानाला जाताना या घराचं दार बघून जात. दारावर ज्याचा बोर्ड, त्याला मत. पक्ष, विचार, खाडीचं पाणी हे सगळं नंतर. आधी दार.

"मला एक सांगा," थिअम-होक चॉपस्टिकनं हवेत ठोके देत म्हणाला, "हिनं आधी काय सांगितलं होतं? नोकरी करीन. नंतर म्हणाली, पाणी तपासीन. आता म्हणते, निवडून येईन. उद्या म्हणेल, मला देव्हाऱ्यातल्या पितरांच्या नावांच्या पाटीवर बसवा!"

"त्याला मरावं लागतं, काका."

"बघा! श्राद्धाच्या दिवशी मरणाचं बोलते!"

"श्राद्ध कशाचं असतं मग, बारशाचं?" मोठी वहिनी तव्यावर कालवांची पोळी उलटत म्हणाली. मोठी वहिनी दिवसाला साधारण तीन वाक्यं बोलायची, आणि ती सगळ्या घराला पुरायची.

"अरे, मी काय तिचा दुश्मन आहे?" थिअम-होकनं आवाज खाली आणला. आवाज खाली आला की तो खरा धोका, हे बोंगचीला ठाऊक होतं. "माझ्या हातात असतं तर... पण घराचं दार माझ्या एकट्याचं नाही. बाबांचं आहे. बाबांनाच विचारू. कौल लावू. आजच. त्यांच्याच श्राद्धाला. ते जे म्हणतील ते शेवटचं. कबूल?"

भिंतीवर लाऊसाहेबांच्या फोटोचं कॅलेंडर पंख्याच्या वाऱ्यानं मान हलवत होतं. त्याला तरी कबूल होतं.

बोंगचीच्या हातातली सुरी कालवाच्या फटीत तशीच राहिली.

देव्हाऱ्याच्या खणात कौलाचे दोन तुकडे होते. बांबूच्या मुळाचे, चंद्रकोरीच्या आकाराचे, एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. दोन्ही एकदम खाली टाकायचे. एक सपाट वर आणि एक फुगीर वर आलं तर होकार. दोन्ही फुगीर वर, तर नकार. दोन्ही सपाट वर आले तर ते जमिनीवर डुलत राहतात, म्हणजे पितर हसताहेत. हसण्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं लावायचा.

चौतीस वर्षांपूर्वी याच तुकड्यांना विचारलं होतं, बोंगचीनं लग्न करावं का. बर्फाची गाडी चालवणारा एक जण होता. कालवांच्या शेडमध्ये बर्फाची लादी उतरवताना तो गायचा, आणि बोंगची सांगायची की तुझ्या गाण्यानं बर्फ वितळतोय, जरा बेतानं. तो तिच्या बापाकडं रीतसर आला, मिठाई घेऊन आला. बाप बांबूच्या खुर्चीत बसून बघत राहिला. थिअम-होकनं गुडघे टेकून कौल लावला. नकार. नकार. नकार. मिठाई परत गेली. आई अंथरुणाला खिळलेली होती, शेडमध्ये दिवसाला चाळीस किलो कालवं फोडायची होती, आणि पितरांनी असं बरोब्बर ओळखलं की फोडायला बोंगची लागणार. पितरांना घरातली कामं फार चांगली ठाऊक असतात. विशेषतः जी त्यांना स्वतःला कधी करावी लागली नाहीत.

तेव्हापासून देव्हारा पुसायचं काम तिच्याकडं आलं. तुकडेही तीच पुसायची. पुसून झाले की एखादे वेळी टाकून बघायची. तिसऱ्या वर्षी तिला कळलं. गुडघ्याच्या उंचीवरून, हात सैल न सोडता टाकले, तर ते जसे धरले तसेच पडतात. दोन्ही सपाट बाजू खाली धरल्या की नकार, कितीही वेळा. एक अशी आणि एक तशी धरली की होकार, कितीही वेळा. तिनं एका दुपारी शंभरदा टाकून बघितलं होतं. मग तुकडे खणात ठेवले, आणि कालवं फोडायला गेली. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर कौल लावून बघू म्हणाले असते.

"कबूल," युन-चेन म्हणाली.

बोंगचीच्या बोटाला सुरी लागली. "ए बये!" ती ओरडली. "कबूल काय म्हणतेस? तुमच्या पक्षाला देव चालतो का?"

"आत्या, आमच्या पक्षाला सगळं चालतं, फक्त मोजणी उघडी पाहिजे," युन-चेन उठली. "एका माणसाचा कौल हा कौल नाही. निवडणुकीत एकच मत मोजतात का? तीन हात. एकेकदा टाकायचं. दोन जिकडं, तिकडं बाबा, म्हणजे आजोबा. आणि मोजायची कशी, तर मतदान केंद्रात मोजतात तशी. प्रत्येक मत वर धरून दाखवायचं, मोठ्यानं सांगायचं, भिंतीवर कागद लावून रेघ मारायची. आई, कागद."

तिची आई होआ व्हिएतनामहून सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. नागरिकत्व मिळाल्यापासून तिनं प्रत्येक निवडणुकीत थिअम-होकनं सांगितलेल्या माणसालाच मत दिलं होतं, असं थिअम-होकला वाटत होतं. ती उठली, कागद शोधला, मिळाला नाही. मग भिंतीवरून लाऊसाहेबांचं कॅलेंडर काढलं, उलटं केलं, आणि लाऊसाहेबांचं तोंड भिंतीकडं करून परत टांगलं.

"हे काय हे?" थिअम-होक म्हणाला.

"मागची बाजू कोरी आहे, मोठे भाऊजी. पुढं जागाच नाही, सगळा चेहराच आहे."

थिअम-होकनं मनात हिशोब केला. तो कपाळावर दिसत होता. पहिला हात आपला. दुसरा बुन-लियोंगचा. बुन-लियोंग हा असा माणूस की सिग्नल हिरवा झाला तरी मागच्यानं हॉर्न दिल्याशिवाय निघायचा नाही. पण पोरगी त्याचीच. म्हणून तिसरा हात पक्का हवा.

"ठीक. मी, बुन-लियोंग, आणि आमचा पोरगा जुन-का."

"जुन-का तैपेईत आहे," मोठी वहिनी म्हणाली. "फोनवरून टाकणार आहे का?"

"मग... मग दोनच हात."

"दोन हातांत बरोबरी झाली तर?" होआनं विचारलं. हातात मार्कर धरून ती आताच निवडणूक अधिकारी झाली होती. "इथं तिसऱ्याला जागा ठेवलीय मी. रिकामी कशी ठेवायची? वन्सं आहेत की."

"मुलींनी कौल लावायचा नसतो!" थिअम-होक म्हणाला. "सुनांची नावं पाटीवर जातात. मुलींची जात नाहीत. मुलगी परक्या घरची."

"कुठल्या परक्या घरची?" बोंगची उंबऱ्यावरून म्हणाली. "पत्ता तरी दे, दादा. अठ्ठावन्न वर्षं झाली, एकदा जाऊन बघून येते."

मोठ्या वहिनीनं गॅस बंद केला. "मासा गार होतोय, टाकू दे तिला." हे तिचं दिवसातलं तिसरं वाक्य होतं.

थिअम-होकनं पुन्हा हिशोब केला. बोंगची त्याला नाही म्हणालीय कधी? आठवत नाही. आणि कौलाला काय, बोंगची टाकेल तसे पडतील. निम्मी शक्यता तरी आपली. पाच निवडणुका जिंकवलेल्या माणसाला निम्मी शक्यता पुरते.

"चला," तो म्हणाला. "पण निकाल शेवटचा. बाबांची शपथ सगळ्यांना. नंतर रडायचं नाही."

सगळ्यांनी शपथ घेतली. त्याच्या आग्रहावरून घेतली, हे पुढं फार कामाला आलं.

उदबत्त्या लागल्या. बाबांच्या फोटोपुढं कोंबडी, मासा, संत्री, सिगारेटचं पाकीट आणि डॉक्टरच्या नाकावर टिच्चून भाताच्या दारूचा ग्लास. थिअम-होकनं गुडघे टेकले. शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. तुकडे ओंजळीत घेतले आणि मोठ्यानं म्हणाला, "बाबा, मी थिअम-होक. आपल्या दारावर आपल्या नातीचा बोर्ड लावायचा का? आपण जाणते आहात." मग मांडीच्या जरा वर हात आणला आणि तुकडे सोडले. ते जमिनीवर असे बसले की जणू तिथंच वाढले होते. दोन्ही फुगीर वर.

"नकार!" थिअम-होक म्हणाला. "मी काय म्हणत होतो?"

"वर धरून दाखवा," युन-चेन म्हणाली.

"काय धरून दाखवू? जमिनीवर दिसतंय ना!"

"नियम म्हणजे नियम."

त्यानं दोन्ही तुकडे उचलून चहूकडं दाखवले. होआनं कॅलेंडरच्या पाठीवर 'नको' च्या खाली एक रेघ मारली. ती थोडी बारीक मारली, असं थिअम-होकला वाटलं.

बुन-लियोंग पुढं आला. त्याच्या तळहाताला एवढा घाम होता की तुकडे निसटत होते. "बाबा," तो म्हणाला, "मी बुन-लियोंग. तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे, माझी पोरगी... म्हणजे... तुम्ही बघा बुवा." आणि त्यानं डोळे मिटून हात असे उडवले की एक तुकडा कोंबडीच्या पंखावर आपटून खाली पडला आणि दुसरा फ्रिजखाली गेला.

"बाद!" थिअम-होक ओरडला.

"थांबा, थांबा, कुणी हात लावू नका!" युन-चेन जमिनीवर पालथी झाली, फोनचा टॉर्च लावून फ्रिजखाली बघितलं. "सपाट वर! आई, बघ, सपाट वर आहे! आणि कोंबडीजवळचा?"

"फुगीर वर," होआ म्हणाली.

"होकार!"

"कोंबडीला लागून आलेला कौल चालत नाही!"

"कोंबडी बाबांना अर्पण केलेली आहे," बुन-लियोंग म्हणाला. आपण काय बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की हॉर्न न ऐकता गाडी सुटली. "म्हणजे... कोंबडी बाबांचीच. म्हणजे त्यांनीच लावला हात."

होआनं 'हो' च्या खाली रेघ मारली. तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की सव्वीस वर्षांत तिनं एकदाच बघितलं असेल, आणि त्यातून युन-चेन झाली होती.

एक-एक. बोंगचीनं हात धुतले. फडक्याला पुसले. कापलेलं बोट उगीच एकदा चोखलं. तिला उशीर लावायचा नव्हता, पण पाय लावत होते.

तिनं युन-चेनकडं बघितलं. पोरगी फ्रिजपाशी उभी होती, गुडघ्यांना धूळ, तोंडावर हसू, आणि दोन्ही हात पाठीमागं. हात पाठीमागं का, ते बोंगचीला ठाऊक होतं. सहा वर्षांची असल्यापासून घाबरली की ती असेच लपवायची. उद्या साडेपाचपर्यंत हिला एक दार मिळालं पाहिजे, एवढंच होतं. नाहीतर ही परत राजधानीत जाईल, कुणाच्या तरी कचेरीत दुसऱ्यांची भाषणं लिहील, आणि खाडीचं पाणी लाऊच्या मेव्हण्याच्या मर्जीवर वाहत राहील. आणि या उंबऱ्यावर एक बाई बसून राहील.

बोंगचीनं गुडघे टेकले. तुकडे घेतले. एक सपाट खाली, एक फुगीर खाली. शंभर वेळा पाठ केलेली पकड. लबाडी आहे, हे तिला माहीत होतं. पण लबाडीला या घरात परंपरा होती, आणि परंपरा पाळणं हे मुलींचं कामच.

"बाबा," ती म्हणाली, "मी बोंगची. झालीच होते, तर वाढवलीत." आणि तिनं हात गुडघ्याच्या जरा वर आणला.

"ए ए ए!" थिअम-होक एकदम उठला. "एवढ्या खालून नाही! उभी राहून टाक! खालून टाकलं की जसं धरतेस तसंच पडतं!"

पंखा फिरत होता. कॅलेंडर भिंतीवर थापट्या मारत होतं.

थिअम-होकनं तोंड मिटलं. पण वाक्य बाहेर पडून गेलं होतं, आणि आता ते जेवणाच्या टेबलावर माशाच्या शेजारी पडलेलं होतं, डोळे उघडे ठेवून.

"मोठे काका," युन-चेन सावकाश म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

"कसं म्हणजे... सगळ्यांना माहीत असतं..."

"मला नव्हतं," बुन-लियोंग म्हणाला.

"मला नव्हतं," होआ म्हणाली.

मोठी वहिनी चुलीपासून पुढं आली. तिची तीन वाक्यं संपली होती. पण काही दिवस असे असतात की माणूस उद्याची वाक्यं आजच काढतं. "आत्ता तुम्ही कुठून टाकलेत?" तिनं नवऱ्याला विचारलं. "मांडीवरून टाकलेत. मी बघितलं. आणि तेव्हा? हिच्या त्या बर्फवाल्याच्या वेळेला? तेव्हा मी नवी सून होते, दारामागं उभी होते. तेव्हाही मांडीवरूनच टाकलेलेत."

बोंगची उठली नाही. ती गुडघ्यांवरच होती, तुकडे हातात. तिला वाटलं होतं, हा दिवस आला की आपण ओरडू, काहीतरी फेकून मारू, निदान कालवांची पाटी तरी. पण तिला नुसती तहान लागली.

"दादा," ती म्हणाली.

"आई अंथरुणात होती!" थिअम-होक म्हणाला. "कोण बघणार होतं तिला? शेड कोण चालवणार होतं? मी तेव्हा सहकारी संस्थेत चिकटलो होतो, बुन-लियोंग सैन्यात. मला काय हौस होती? मी... मी घरासाठी केलं."

"घरासाठी," बोंगची म्हणाली. "तेच घर, ज्याच्या पाटीवर माझं नाव जायचं नाही."

थिअम-होकनं शर्टाच्या बाह्या पुन्हा सारख्या केल्या. पाच निवडणुकांत एवढी भाषणं केली, पण या प्रश्नाला मुद्दा कुणी लिहून दिला नव्हता.

होआ मार्कर घेऊन भिंतीपाशी गेली. 'नको' च्या खालच्या रेघेवर तिनं फुली मारली. या वेळी बारीक नाही, चांगली जाड. "खालून टाकलेलं मत बाद," ती म्हणाली. "मोजणीचा नियम आहे. एकाविरुद्ध शून्य."

"अजून तिसरं मत राहिलंय!" थिअम-होकनं शेवटचा प्रयत्न केला.

"मी मत देत नाही," बोंगची म्हणाली. "मी इथं खालून टाकणार होते. माझंही बाद धरा." ती युन-चेनकडं वळली. "एका मतानं निवडून आलीस, पोरी. तेही कोंबडीच्या. पुढच्या वेळेला जरा जास्त आण."

युन-चेनचे हात पाठीमागून पुढं आले. तिला काहीतरी मोठं बोलायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला शब्द सापडेना. बोंगचीनं ते बघितलं आणि मनात म्हणाली, ही चांगली पुढारी होणार. बोलायला नसेल तेव्हा गप्प बसणारा पुढारी गावानं अजून बघितलेला नाही.

"शिडी कुठंय?" मोठी वहिनी म्हणाली.

"अगं, पण लाऊसाहेबांना मी शब्द दिलाय! दोनशे मतांचा!"

"बाबांची शपथ कुणी घ्यायला लावली?" वहिनीनं विचारलं.

थिअम-होक बसला. मग उठला. मग शिडी आणायला गेला, कारण शिडी कुठं आहे हे त्या घरात फक्त त्यालाच ठाऊक होतं. पाच निवडणुका तोच चढत आला होता.

सगळे बाहेर गेले. पुढच्या खोलीत बोंगची एकटी उरली. फोटोतला बाप त्याच जुन्या नजरेनं बघत होता, जशी ती बांबूच्या खुर्चीतून असायची. काही न करणाऱ्या माणसाची, पण सगळं दिसणाऱ्या माणसाची.

ती उठून उभी राहिली. गुडघे वाजले. तुकडे डोक्याच्याही वर धरले.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही समोरच बसला होतात. दादा कुठून टाकतोय हे तुम्हाला दिसत होतं ना?"

आणि सोडले. तुकडे फरशीवर आपटले, उडाले, एक पाटाच्या पायाला लागून गरगरला आणि थांबला. दोन्ही सपाट वर. दोन्ही डुलत राहिले, बराच वेळ.

बाप हसत होता.

बोंगचीनं ते डुलणं थांबेपर्यंत बघितलं. मग दारूचा ग्लास उचलला, अर्धा पिऊन टाकला, उरलेला बापापुढं ठेवला. तुकडे खणात परत ठेवले नाहीत. एप्रनच्या खिशात, कालवांच्या सुरीशेजारी टाकले आणि बाहेर आली.

दाराबाहेर ऊन भाजत होतं. लाऊसाहेबांचा बोर्ड भिंतीला टेकून उभा होता, वीस वर्षं जुन्या फोटोत अजून काळेभोर केस. जिथं तो होता तिथं भिंतीवर पांढराफटक चौकोन होता, मध्ये पालीची अंडी. युन-चेनचा बोर्ड लहान होता, पुठ्ठ्याचा, आणि तो चौकोनात पोस्टाच्या तिकिटासारखा दिसत होता. बुन-लियोंग शिडीवर चढला होता आणि दोन्ही बाजूंना हॉर्न ऐकू येताहेत का बघत होता. खाली थिअम-होकनं शिडी एका हातानं धरली होती, दुसऱ्या हातानं फोन कानाला.

"हो साहेब... नाही साहेब, काढला नाही, पडला... वारा सुटलाय इकडं, काय सांगू... नाही, पान हलत नाही ते खरं आहे, पण आमच्या दारातच सुटलाय... घरातूनच येतोय साहेब..."

समोरच्या घरातून दोन ओंग बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मग तिसरी. दार बघत होत्या.

थिअम-होकनं फोन खिशात टाकला. बहिणीकडं बघितलं नाही. भावाला म्हणाला, "अरे, लाव लवकर. लागतोय ना?"

"हो, पण दादा, किती वर लावू?"

थिअम-होक काही बोलायच्या आत बोंगचीनं शिडीची दुसरी बाजू धरली. दोघांचे हात शेजारी शेजारी होते. एकावर सहकारी संस्थेचं जुनं घड्याळ, एकावर कालवांनी कापलेल्या चाळीस वर्षांच्या रेघा.

"वर लाव," ती म्हणाली. "अजून वर. दादाला विचार, उंचीनं फार फरक पडतो."